आठव्या दारचा विस्तव

ती कुणाच्याही घरात शिरली की आधी माणसाकडे बघायची नाही. सरळ चुलीपाशी जायची, उकिडवी बसायची आणि राखेत मनगटापर्यंत हात घालायची. क्षणभर डोळे मिटून तशीच राहायची, मग हात झटकून खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणायची, "काल सांजी जेवला नाई तू. काऊन?" म्हातारा ओशाळायचा, कारण ते खरं असायचं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र होतं आणि त्याचा मला भलताच अभिमान होता. मी आपली म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा गुंडाळून फुगा दाबत बसायची, कानाला नळ्या लावायची, आकडा लिहायची. ती शेजारी भिंतीला टेकून तंबाखू मळत माझा तो सोहळा बघायची. एकदा म्हणाली, "तुह्या फुग्यानं समजते का, की ह्याच्या सुनेनं दोन दिवस झाले ह्याच्याशी बोलनं टाकलं हाये?" मी म्हटलं, नाही समजत. "मंग?" एवढंच म्हणून तिने तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली.

गावात सगळे तिला माय म्हणायचे, मीही म्हणू लागले. ती त्या गावची सुईण. समुद्रपूर तालुक्यातलं कापसाचं गाव, दिवसातून दोनदा एसटी, तीही पावसाळ्यात मनात आलं तर. गावातल्या निम्म्या लोकांना या जगात ओढून काढणारे हात तिचे होते आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. सरपंच चावडीवर गप्प बसला की भर लोकांत म्हणायची, "निळा निघालता तू. पाठीत चार धपाटे देल्ले तवा रडला. आता बी देऊ का?" मिशीवाला सरपंच मान खाली घालून हसायचा आणि मग बोलायचा.

आमचं काम असं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. लेकरांसाठी, बाळंतिणींसाठी जो तो काहीतरी करत होता. म्हाताऱ्यांचं काय, असा प्रश्न वर्ध्याच्या एका आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांना पडला आणि त्यांनी थोडी गावं निवडली. प्रत्येक गावात एक सेविका राहील, साठीच्या पुढच्या सगळ्यांची नावं लिहील, आठवड्यातून एकदा घरोघरी जाईल, आणि गावातलीच एखादी जाणती बाई तिच्या जोडीला असेल. सेविका मी, जाणती बाई ती. रजिस्टरमध्ये तिचं स्वतःचं वय लिहायची वेळ आली तेव्हा मी अंदाजाने पासष्ट टाकलं. ती म्हणाली, "लिही, लिही. कागदाले काय समजते."

डॉक्टर महिन्यातून एकदा जीपने यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा माय त्यांना खालपासून वरपर्यंत बघत राहिली आणि मग विचारलं, "डाक्टरसाहेब, तुमची दाई कोन होती?" डॉक्टर म्हणाले, "मी दवाखान्यात जन्मलो." माय म्हणाली, "दवाखान्यात भिंतीनं काहाडलं का तुमाले?" डॉक्टर हसले, मला मात्र घाम फुटला. त्या दिवशी तिने त्यांना बसायला खाट टाकली नाही. पण ते डॉक्टरही वेगळेच निघाले. पुढच्या महिन्यात जीपमधून उतरल्याबरोबर म्हणाले, "माय, आईला विचारलं. नर्सबाईंचं नाव कमळाबाई होतं." मायने लगेच खाट टाकली, वर वाकळ घातली आणि चहा मांडला. ज्याला आपली सुईण माहीत नाही, त्याच्या हातून दुसऱ्याचं भलं होत नाही, असं तिचं ठाम मत होतं. मीही घाबरून पुलगावला आईला पत्र टाकलं. माझी सुईण चंद्रभागाबाई. त्यानंतर माझं काही चुकलं की माय म्हणायची, "चंद्रभागीनं तुले घाईघाईनं काहाडलं वाट्टे."

आता विस्तवाचं सांगते, कारण तिची खरी विद्या ती होती.

गावात एकटे राहणारे सात म्हातारे होते. कुणाची मुलं बल्लारशाला खाणीत, कुणाची नागपूरला, कुणाला झालीच नव्हती. सातवी माय स्वतः; तिची एक मुलगी हिंगणघाटकडे दिलेली. या सात जणांच्या घरात काडेपेटी नसायची. मायने ठेवूच दिली नव्हती. बौद्ध वस्तीच्या पार टोकाला, विहाराच्या मागे कोंडूबुढा राहायचा. त्याला चिलमीचा नाद, त्यामुळे त्याच्या राखेत पुरलेला विस्तव सकाळपर्यंत जिवंत असायचा. दिवस उजाडला की कोंडूबुढा फुटक्या मडक्याच्या बुडात गोवरीचा पेटता तुकडा घेऊन निघायचा आणि दुसऱ्या घरी द्यायचा. दुसऱ्या घरची म्हातारी तिथे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्या पेटवायची, चहा करायची आणि आपल्या चुलीतला विस्तव तिसऱ्या घरी पोचवायची. असं करत सातव्या घरी, म्हणजे मायकडे. मायचा चहा व्हायला कधीकधी नऊ वाजायचे.

मला आधी हा शुद्ध गावंढळपणा वाटला. पंचाहत्तर वर्षांची माणसं वाऱ्यावादळात विस्तव घेऊन हिंडतात, कुणाला नीट दिसत नाही, वर गवताची छपरं. मी तिला तसं बोलले. तिने मला समजावलं ते एखाद्या मंद पोरीला समजवावं तसं. "देनारा गेला तं घेनाऱ्याले पाह्यते. समजलं? आन् देनारा आलाच नाई तं?"

"तर?"

"तं घेनाऱ्याचा चहा नाई होत. तो किती वेळ दम धरन? उठन, शिव्या देत जाईन, पाहीन का काऊन नाई आला बुढा. पोरगा विसरन, तुहा डाक्टर विसरन. चहा कोनी विसरत नाई."

म्हणजे रोज सकाळी सातही जणांना कुणीतरी डोळ्यांनी बघितलेलं असायचं आणि कुणी कुणावर उपकार केलेले नसायचे. सगळे आपापल्या चहासाठी निघालेले. आम्ही आठवड्याला जी फेरी करायचो, ती यांची रोज होत होती.

हे तिला सुचलं त्याला कारण होतं. ते तिने मला एकदाच सांगितलं, वाल निवडताना, मान वर न करता. तिच्या बरोबरीची एक मैत्रीण होती. ती घरात मेली आणि दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. तिला आंघोळ मायने घातली. "मानूस येते तवा एकटं येत नाई," माय म्हणाली. "तवा मी होती ना तिथं. मंग जाते तवा काऊन एकटं?" तिला आयुष्यात एवढीच एक गोष्ट हवी होती आणि ती तिने गावाकडून वसूल करायची ठरवली होती.

ही साखळी सहज जुळली असं मात्र नाही. कोंडूबुढ्याच्या पुढचं घर भागीरथीआजीचं. कुणब्याचं घर, बारा एकरांची शेती बटईने दिलेली, दाराशी तुळस, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. वस्तीतल्या चुलीचा विस्तव आपल्या चुलीत घ्यायला ती तयार नव्हती. माय तिच्या ओट्यावर जाऊन बसली. म्हणाली, "तुह्या चारही लेकराईची नाळ ह्या हातानं कापली. तवा हातावर काई लिहिलं दिसलं नाई तुले?" भागीरथीआजी म्हणाली, ते वेगळं, चूल वेगळी. माय उठून आली. तिने कुणाकरवी मनधरणी केली नाही, की काडेपेटीही दिली नाही; कोंडूबुढा भागीरथीआजीचं दार वगळून विस्तव पुढच्या घरी नेऊ लागला. तीन दिवस भागीरथीआजी बिनचहाची राहिली आणि डोकं दुखतं म्हणून माझ्याकडे गोळ्या मागत राहिली. चौथ्या सकाळी कोंडूबुढा तिच्या दारावरून जायला लागला तशी ती कठड्याआडून म्हणाली, "थांब ना. ठेव तिथं पायरीवर." कोंडूबुढ्याने पायरीवर ठेवला. पुढे किती तरी महिने तो पायरीवरच ठेवत होता, आत गेला नाही आणि तिने बोलावलं नाही. पण रोज सकाळी ती त्याला विचारायची, "खोकला कसा हाये?" आणि तो म्हणायचा, "हाये ना."

हे मी बघत होते आणि मला ते आवडायलाही लागलं होतं. तरीसुद्धा मी माती खाल्लीच.

संस्थेला दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवायचा असायचा. माझं मराठी चांगलं होतं, शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेलं, तिथेच घात झाला. हिवाळ्याच्या तोंडावर मी लिहिलं, "गावातील निराधार वृद्धांना साध्या विस्तवासाठीही भल्या पहाटे दुसऱ्याच्या दारी जावे लागते." वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा वाचलं. वर्ध्याला ते वाचून कुणाचं तरी मन द्रवलं. थंडीतल्या वाटपात प्रत्येक म्हाताऱ्याला एक घोंगडी, एक साबणाची वडी आणि काडेपेट्यांचा एक पुडा आला.

मीच वाटले ते पुडे. म्हातारे खूश होते, काडी ओढून बघत होते. मायने एक पेटी हातात घेतली, नाकाशी नेली आणि परत माझ्या हातात ठेवली. "मले नको." मी म्हटलं, अगं घे, तेवढाच त्रास कमी. ती म्हणाली, "पोरी, तू माह्या सात जनाईले एकमेकापासून तोडून राह्यली." मी चिडले. मी म्हटलं, "माय, माणसाला सोय झाली तर तुला का दुखतं? सगळ्यांनी तुझ्याच हाताखाली राहायचं का?" हे शब्द मी बोलले. तिने घोंगडी घडी घालून काखेत मारली आणि गेली.

लगेच काही बिघडलं नाही. कोंडूबुढा आठ-दहा दिवस सवयीने विस्तव घेऊन निघत होता. भागीरथीआजीने एकदा सांगितलं, "कायले तरास घेतेस बुढ्या, हाये आता आगपेटी." मग तो यायचा थांबला. बाकीच्यांचंही तसंच. कुणी भांडलं नाही, कुणी ठरवलं नाही. आठ वाजेपर्यंत सगळ्यांचे चहा होऊ लागले. एकटी माय रोज सकाळी मडक्याचं बूड घेऊन वस्तीत कोंडूबुढ्याकडे जायची आणि आपला विस्तव आणायची. म्हणजे त्या दिवसांत कोंडूबुढ्याला बघणारी ती एकटीच उरली होती.

पौष लागला आणि मायच्या मुलीचे दिवस भरले. माय हिंगणघाटकडे गेली, चार दिवसांसाठी.

आमची वस्तीतली फेरी बुधवारची. मी बुधवारी गेले, कोंडूबुढ्याचा रक्तदाब घेतला, चांगला होता, तसं लिहिलं. तो गुरुवारी सकाळी न्हाणीपाशी घसरून पडला. माय शुक्रवारी दुपारच्या गाडीने उतरली. गाठोडं घरी न ठेवता तशीच त्याच्याकडे गेली आणि तिची हाक मी माझ्या खोलीतून ऐकली. तशी हाक मी पुन्हा कधी ऐकली नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. तो सरपटत न्हाणीपासून उंबऱ्यापर्यंत आला होता आणि तिथे राहिला होता. ओठ काळेनिळे, पण शुद्धीवर होता. मला नाडी सापडेना. मी म्हणाले, "बाबा, हाक का नाही मारली?" तो म्हणाला, "मारली ना पह्यले." मग अगदी साधेपणाने म्हणाला, "मंग सोडून देल्ली. मले मालूम होतं ना, कोनी येनार नाई. आता आगपेटी हाये सगळ्याईपाशी."

त्याने मला दोष दिला नव्हता. तो आपला झालेलं सांगत होता. आज इतकी वर्षं झाली, ते वाक्य मला कुठेही गाठतं, भाजी चिरताना, बसच्या रांगेत. अहवालातलं माझं वाक्य आणि त्याचं हे वाक्य, दोन्ही मला पाठ आहेत.

दाराशी माणसं जमली होती. भागीरथीआजी मागे उभी होती. तिच्या घरापासून ते दार दोनशे पावलांवर. गुरुवारीही तिने चहा केला होता आणि शुक्रवारीही. ती पुढे आली, वस्तीतल्या त्या घराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडून आत गेली आणि स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून तिने कोंडूबुढ्यावर घातली.

बैलगाडीने समुद्रपूर आणि तिथून संस्थेच्या जीपने वर्धा. मी सोबत गेले. तीन दिवसांनी परत आले तेव्हा मायने सहा घरं फिरून सगळ्या काडेपेट्या गोळा केल्या होत्या. पदरात बांधून आणल्या आणि माझ्या टेबलावर, रजिस्टरच्या वर, ओतल्या. मी वाट बघत होते की आता ती बोलेल. मला बोलणी हवीच होती. ती म्हणाली, "हे आफिसले वापस कर." मग खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात माझा वातीचा स्टोव्ह, शेजारी काडेपेटी. तीही तिने उचलली.

"ही माझी आहे," मी म्हटलं.

"तू कोनासंग राहतेस इथं?"

"एकटीच."

"मंग?" ती म्हणाली आणि पेटी कनवटीला लावून गेली.

अशी मी आठवी झाले. कोंडूबुढा दवाखान्यात होता तोवर विस्तव भागीरथीआजीच्या राखेतून निघायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला माय माझ्या दारात उभी, हातात मडक्याचं बूड. स्टोव्ह गोवरीवर पेटवायचा कसा, हा माझा प्रश्न. तिने एक काडी विस्तवाला लावली, फुंकली आणि वात पेटवून दिली. मग ती खाली बसली. विस्तव आणणाऱ्याने चहा होईपर्यंत बसायचं, असा नवा नियम तिने त्या दिवशीपासून केला. त्या नियमाचा फायदा सगळ्यात जास्त मला झाला.

दीड महिन्याने कोंडूबुढा परत आला, चालता येत नव्हतं. मग भागीरथीआजीच त्याच्याकडे जायला लागली. त्याच्या राखेतून विस्तव घ्यायची, त्याचा चहा मांडायची, तो पीत असताना बाहेर ओट्यावर बसायची आणि मग आपल्या घरी. डॉक्टरांनी हे बघितलं आणि पुढच्या अहवालात काय लिहायचं ते मला तोंडी सांगितलं. काडेपेट्या बंद झाल्या. गावाच्या नकाशावर मी आठ घरांमधून एक रेघ ओढली. ती शेवटी माझ्या खोलीपाशी संपत होती.

ती पाच वर्षं. मी पुढे तीस वर्षं नोकरी केली, प्रमोशनं घेतली, प्रशिक्षणं दिली. पण माझं आयुष्य म्हणून मला जे आठवतं ते त्या सकाळी साडेनवाचं. ती यायची, आधी माझ्या स्टोव्हची टाकी हलवून आत रॉकेल किती उरलं ते बघायची, राख नव्हती म्हणून. "रात्री काई शिजवलं नाईस." मी म्हणायची, कंटाळा आला. "एकट्या बाईनं कंटाळा केला का सपलं." मग चहा. ती बशीत घेऊन प्यायची, आणि पिताना गावाची सगळी बातमी सांगायची, कोण कुणाशी अबोला धरून आहे, कुणाला कशाची भीती वाटते आहे. ती भीती आणि अबोले मी नंतर रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायला लागले, आणि खरं सांगते, पुढच्या पानांपेक्षा त्यांचाच उपयोग जास्त झाला. मला एकदा हिवताप आला तेव्हा तीन दिवस ती माझ्या खोलीतून हलली नाही. तापात मी आईला हाक मारत होते. ती म्हणायची, "हाव, हाव, इथंच हाये." माझ्या लग्नाची खटपट भावाने केली, फिसकटली, मग मीच नको म्हटलं, तेव्हा गावात सगळ्यांनी मला काहीबाही सुनावलं. मायने मात्र एवढंच विचारलं की, "तुले पाहाले कोन राह्यन?" मी म्हटलं, तू आहेस की. ती खूश झाली आणि तिने आणखी अर्धा कप मागितला.

बदली झाली ती सिंदी मेघेच्या केंद्रावर. वर्धा शहराला लागून, भाड्याची खोली, नळ, वीज. एसटीत बसवायला सगळे आले होते. मायने गाडी सुटेपर्यंत खिडकीची दांडी सोडली नाही. म्हणाली, "तिकडं जाऊन कोनासंग तरी वळख करजो. शेजारच्या बाईले सांगून ठेवजो." मी हो म्हटलं. "सकाळी पाहाले येत जा म्हनून सांगजो." हो, हो. "आन् येत जाजो." मी म्हटलं, दर महिन्याला येईन. पहिल्या वर्षी तीनदा गेले. दुसऱ्या वर्षी एकदा. मग आई आजारी पडली, मग ती गेली, मग केंद्राचा व्याप वाढला. तिला वाचता येत नव्हतं म्हणून पत्र टाकलं नाही. खरं तर गावात वाचून दाखवणारे होतेच. मी टाकलं नाही, एवढंच.

अशात एका उन्हाळ्यात समुद्रपूरला बैठक होती. ती लवकर संपली आणि मी उठून गावची गाडी पकडली. फाट्यावर उतरले तेव्हाच पानठेल्यावाल्याने सांगितलं, माय गेली, पंधरा दिवस झाले.

पहिला विचार जो आला तो दुःखाचा नव्हता, भीतीचा होता. कोंडूबुढा आधीच्या वर्षी गेला होता, हे मला माहीत होतं. सातांतले किती उरले होते? ती कितव्या दिवशी सापडली? तिच्या मैत्रिणीसारखं तर झालं नाही? मी त्या उन्हात जवळजवळ पळत भागीरथीआजीच्या घरी गेले.

ती खूप वाकली होती. मला आवाजावरून ओळखलं. मी पाणीसुद्धा न घेता विचारलं, "आजी, माय कधी सापडली?"

"सापडली काऊन?" ती म्हणाली. "हरवली होती का ते?"

आणि मग तिने सांगितलं. आता तीनच जणं राहिली होती. विस्तव तिच्या चुलीतून निघायचा. त्या सकाळी ती मायकडे घेऊन गेली तेव्हा माय बाजेवर बसूनच होती, भिंतीला टेकून. म्हणाली, आज जीव घाबरून राह्यला, चहा तूच मांड. भागीरथीआजीने मांडला. दोघी बोलत होत्या. चहाला उकळी आली तेव्हा माय म्हणाली, साखर जरा जास्त टाकजो. भागीरथीआजीने साखर टाकली, बशीत ओतून दिला. मायने अर्धी बशी घेतली, बाकीची खाली ठेवली आणि आजीच्या खांद्यावर डोकं टेकवलं. आजीला वाटलं, डोळा लागला.

"मी हालली नाई मंग," भागीरथीआजी म्हणाली. "दुपारलोक तशीच बसून होती. माहा खांदा आजून दुखते."

मला रडू फुटलं. खूप दिवसांचं साठलेलं होतं, ते सगळं आलं. ती एकटी गेली नव्हती. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं. पण ते देणारी मी नव्हते, आणि ते मला फार लागलं, हेही लपवत नाही.

आजीने मला रडू दिलं. मग माझा हात चाचपून धरला.

"तुहीच गोष्ट करून राह्यली होती ते तवा," ती म्हणाली. "चहा होतपर्यंत. मले म्हने, भागीरथे, ते पोरगी तिकडं वर्ध्याकडं एकटी राहते, तिच्या दारी सकाळी कोन जाते? मी म्हनलं, मले काय मालूम बाप्पा. तं म्हने, आली तं विचारजो." आजीने मान वर केली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तरी ती नेमकी माझ्या तोंडाकडे बघत होती. "सांग ना. कोन जाते?"

शेजारच्या बाईचं नावदेखील मला माहीत नव्हतं.

"जातात की, आजी," मी म्हटलं. "रोज कुणी ना कुणी येतंच."

"बरं झालं," भागीरथीआजी म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.